साडेपाच तास मागे

बॅटरी मेलेली, म्हणून कायम वायरला बांधलेला,
डावं बिजागर फेव्हिक्विकने धरून ठेवलेला
माझा लॅपटॉप.
अशोकस्तंभामागच्या गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात
बटण दाबते आणि चहा सांगते.
चहा येतो, संपतो, ग्लास परत जातो,
तेव्हा कुठे विंडोज डोळे उघडते.

नौशाद म्हणाला, पुसून टाकू का सगळं, मावशी?
नवं टाकतो. फुकट असतं. हलकं असतं. पळेल.
मी म्हटलं, पुसायचं नाही.
बाजूला बसव.

अंबडची रात्रपाळी करून तो थेट आलेला.
डोळे लाल,
खिशात एम.जी. रोडवरून घेतलेला आठ जीबीचा पेन ड्राइव्ह.
एफ-बारा दाबत राहिला
आतलं कोणी उठेपर्यंत कडी वाजवावी तसा.
नव्याचं नाव म्हणे मिंट.
म्हणजे पुदिना, मी म्हटलं.
तो हसला नाही. झोपेत होता.

मग आली वाटणीची पट्टी.
इकडे जुनं, तिकडे नवं,
मधला दांडा माउसने सरकवायचा.
त्याने बरोब्बर अर्ध्यावर आणला.
जुन्याला थोडं जास्त दे, मी म्हटलं.
दिलं. कुणी काही बोललं नाही.
माझ्या दिरांनी इंदिरानगरच्या फ्लॅटची
गॅलरीसुद्धा टेपने मोजली होती.

एवढं काय आहे जुन्यात?
लग्नं, मी म्हटलं.
तीन मशिनी बदलून इथवर आणलेली बावीस वर्षांची लग्नं.
पगार आणि अहेर, खैरनार आणि भामरे,
सटाण्याचं ते एक, जे पत्रिका छापून झाल्यावर मोडलं.
अकराशे पत्रिका माझ्याच गळ्यात,
त्यांच्या कोऱ्या पाठीवर दोन वर्षं हिशेब केले मी.

नव्यातून त्यातली एक उघडून पाहिली.
श्री गणेशाच्या जागी
टोपी घातलेले ए, शेपूट फुटलेले सी,
डोक्यावर दोन टिंबं घेतलेला यू,
भलत्याच मांडवात शिरलेलं वऱ्हाड
निमूट पंगतीला बसावं तसे.
हात लावला नाही. बंद केली.
जुन्यात गेले तर सगळे जागच्या जागी:
चि., सौ. कां., ज्येष्ठ चिरंजीव, कनिष्ठ कन्या,
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात,
आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं, म्हणणारी पोरं.
ती आता कुठेकुठे हप्ते भरत असतील.

बोटांचं अवघड आहे.
'ळ' मारावा तर पडद्यावर स्वल्पविराम.
गायधनी बाईंनी पट्टी मारून बसवलेली बोटं,
त्यांना पन्नाशीत सांगायचं
की मिठाचा डबा आता या फळीवर नाही.

सकाळी काळा पडदा विचारतो, कुठे जायचं?
दहा सेकंद.
बोलला नाहीत तर तो आपला नव्यात नेतो.
आणि नवं पळतं, खोटं कशाला बोलू,
चहा सांगायच्या आत उघडतं.
मग चहा आल्यावर त्याच्याकडे बघत
काय करावं ते सुचत नाही.

एक बिघाड मात्र झाला.
नव्यातून जुन्यात आलं की घड्याळ
साडेपाच तास मागे.
नौशाद म्हणाला, दोघांची वेळ लिहायची रीत वेगळी,
एक तिकडची लिहून ठेवतो, दुसरं ती आपली समजतं.
एका ओळीचं काम आहे, आत्ता करतो.
मी म्हटलं, तू आधी घरी जाऊन झोप.

तेव्हापासून ते तसंच आहे.
बाहेर अकरा, रविवार कारंजाकडून हॉर्न,
कुणीतरी विचारतंय झेरॉक्स किती,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात पहाटेचे साडेपाच.
जानेवारी. बटणं गार.
शटर अजून खालीच,
सटाण्याची पत्रिका अजून प्रेसला गेलेली नाही,
मुहूर्ताच्या ओळीपुढे
कर्सर
लुकलुकत उभा.